लायन्सच्या शिबिरात आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन : माझा अनुभव

आमच्या सासूबाईंच्या (मी त्यांना आत्या म्हणते) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा तर पार पिकलेला. तांदूळ निवडताना खडा बोटांना लागला तरच कळायचा. सोलापुरात खासगीत करायचं तर खर्च झेपणारा नव्हता, म्हणून तालुक्याच्या लायन्स क्लबच्या मोफत शिबिरात नाव घातलं. फुकटातलं ऑपरेशन कसं होईल, याची धास्ती घरात सगळ्यांनाच होती. ज्यांना अशीच धास्ती वाटते त्यांच्यासाठी हे लिहितेय.

गावात फक्त तपासणी होते. पूर्वी शाळेच्या खोल्यांतसुद्धा ऑपरेशनं व्हायची, पण जंतुसंसर्गाच्या भीतीने ती पद्धत मागे पडली. आता ऑपरेशन डोळ्यांच्या हॉस्पिटलातच होतं आणि पेशंटला तिथवर नेण्या-आणण्याची, जेवणाखाण्याची सगळी सोय क्लबची माणसं करतात.

तपासणीला आधार कार्डाची झेरॉक्स लागली. अक्षरांचा तक्ता झाला, डोळ्यांत थेंब घातले, मग बीपी आणि साखर. आत्यांची साखर बरीच वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी त्यांचं नाव यादीतून बाजूला काढलं. आत्या तापल्याच. "एवढ्या लांबनं आलो आन् माघारी लावताय व्हय?" नोंदणीला बसलेले एक निवृत्त गुरुजी उठून त्यांच्याजवळ आले. "आजी, साखर वाढलेली असताना डोळा उघडला तर आत पू होऊ शकतो. आधी साखर खाली आणा, तुमची जागा मी धरून ठेवतो." ग्रामीण रुग्णालयात गोळ्या बदलून घेतल्या. मधल्या काळात गुरुजींचा फोन यायचा, साखर किती आली म्हणून. त्यांनी माघारी पाठवलं तिथेच माझी धास्ती गेली. ज्यांना नुसता आकडा दाखवायचा असतो ते आलेला पेशंट परत लावत नाहीत.

पुढच्या शिबिरानंतर क्लबच्या बसने हॉस्पिटलात गेलो. वाटेत गुरुजींनी सांगितलं की 1925 साली अमेरिकेत लायन्सच्या अधिवेशनात हेलन केलर आल्या होत्या आणि अंधांसाठी काम करा असं आवाहन त्यांनी केलं. तेव्हापासून डोळ्यांचं काम लायन्सने आपलं मानलंय. स्वतः दृष्टी नसलेल्या बाईंच्या शब्दावर शंभर वर्षं काम चालू आहे, हे ऐकून मला खरंच भरून आलं.

हॉस्पिटलात आणखी एक तपासणी झाली, ती मला आधी माहीत नव्हती. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून मिठाचं पाणी सोडतात आणि विचारतात, "आजी, घशात खारट लागतंय का?" खारट लागलं म्हणजे अश्रूंची नळी मोकळी. नळी तुंबलेली असेल तर तिथले जंतू डोळ्यात जाऊ शकतात, म्हणून ऑपरेशन थांबवतात. आत्यांनी तोंड वाकडं करून मान हलवली आणि आम्ही सुटलो. मग डोळ्याची मापं घेऊन भिंगाचा नंबर काढला. उजव्या भुवईवर खूण केली, चुकून दुसरा डोळा घेतला जाऊ नये म्हणून. ऑपरेशन विनाटाक्याचं, डोळा बधिर करून केलेलं. त्याला फार वेळ लागला नाही.

सकाळी पट्टी सोडली तेव्हा नर्सने बोटं किती ते विचारलं. आत्यांनी आधी तिच्या बांगड्या मोजल्या.

खरी कसरत घरी आल्यावर असते. थेंब सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी. मी कागदावर रकाने आखून भिंतीला लावले आणि थेंब घातला की खूण करायची सवय लावली. हात साबणाने धुतल्याशिवाय बाटलीला हात नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, चुलीपुढे बसणं नाही. शेवटचं पाळून घेणं सर्वांत अवघड! डोळा दुखला, लाल झाला किंवा अंधुक दिसू लागलं तर त्याच दिवशी फोन करा, असं क्लबने चिठ्ठीवर ठळक छापलंय. ती चिठ्ठी जपून ठेवा.

डावा डोळा अजून बाकी आहे. शेजारच्या काकूही आता आमच्याबरोबर येणार आहेत. त्यांना मी आत्ताच साखर तपासून घ्यायला लावलीय. चालू गोळ्यांची पाकिटंही पिशवीत घालून ठेवा म्हटलंय, कारण डॉक्टर नावं विचारतात आणि ऐन वेळी कुणालाच आठवत नाहीत.