‘तिकडे साप फार, असं ऐकलंय’

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑस्ट्रेलियाचं नाव दोनच कारणांनी निघतं: क्रिकेट आणि साप. कमोडमधून डोकं वर काढलेला अजगर, गाडीच्या सनव्हायजरमागून उतरणारा तळहाताएवढा कोळी, पोहण्याच्या तलावाच्या तळाशी जिवंत बसलेला काळा कोळी. खाली काकांचं ठरलेलं वाक्य, ‘सांभाळून राहा गं.’ इतकी वर्षं मी इथून, ब्रिस्बेनहून, नमस्काराचं चिन्ह पाठवून विषय मिटवत आले. पण आता माझ्या मामेभावाला सिडनीत नोकरी लागली आहे आणि वहिनीनं घरात सांगून टाकलंय की चार वर्षांच्या पोरीला घेऊन मी त्या देशात पाऊल ठेवणार नाही. तिनं मला फोन केला तेव्हा घरभाडं, शाळा, मराठी मंडळ यातलं एक अक्षर विचारलं नाही. पहिला प्रश्न फनेल-वेब कोळ्याचा, दुसरा ब्राउन स्नेकचा, तिसरा ‘रात्री बाथरूमला जाताना तुम्ही काय करता’.

तिची काळजी खरी आहे, म्हणून नीट उत्तर लिहिते. रागही आलाय, तोही लिहिते.

वहिनी माहेरची लांज्याची, आम्ही राजापूरचे. आम्हा दोघींच्या घरामागे कातळाचा सडा आहे आणि सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो हे आम्हाला कळायला लागल्यापासून माहीत आहे. दगड उचलायचा तर आधी काठीनं हलवायचा, लाकडांच्या राशीत न बघता हात घालायचा नाही, पावसाळ्यात अंथरूण झटकल्याशिवाय पाठ टेकायची नाही. आमच्या वाडीतल्या एका काकांना गवत कापताना फुरसं चावलं होतं. हात कोपरापर्यंत टम्म सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आधी कुणीतरी झाडपाला बांधला, मग विष उतरवणाऱ्याकडे नेलं, मग जीप मिळेपर्यंत अंधार पडला. काका वाचले, बोट गेलं. त्या दिवसानंतर कुणी म्हटलं नाही की राजापूर राहण्याजोगं ठिकाण नाही. मग ब्रिस्बेननं आणि सिडनीनं काय पाप केलंय?

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज ‘मिलियन डेथ स्टडी’ या मोठ्या पाहणीवरून काढला गेला आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. ऑस्ट्रेलियात वर्षाला सरासरी दोन. दोन हजार नव्हे, दोन माणसं. जगातल्या सर्वांत जहाल विषाच्या सापांपैकी कितीतरी याच देशात राहतात, तरी दोन. इथे सापांपेक्षा घोड्यांमुळे जास्त माणसं दगावतात, पण घोड्याचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर कुणी टाकलेला नाही.

ही तुलना सरळ नाही, हे मलाही कळतं. इथली लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, त्यातले बहुतेक शहरात राहणारे. अनवाणी भातलावणी करणारं कुणी नाही, जमिनीवर अंथरूण टाकून झोपणारं कुणी नाही. आपल्याकडे मण्यार रात्री अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. आणि आपल्या बाजूनं हेही सांगते की भारतातले सुमारे ७० टक्के सर्पदंशाचे मृत्यू ज्या आठ राज्यांत होतात, त्यांत महाराष्ट्र नाही. ऑफिसात कुणी भारत म्हणजे गारुड्यांचा देश असं बोलायला लागलं, की मी त्यांना हे ऐकवते. त्यांच्यापुढे आपली बाजू आणि तुमच्यापुढे त्यांची, असं माझं गेली काही वर्षं चाललंय.

आता फनेल-वेब. वहिनी, हा कोळी खरोखर धोकादायक आहे आणि तो तुमच्याच सिडनीच्या आसपास असतो. उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत नर मादीच्या शोधात बिळाबाहेर फिरतो, कधी घरात, बुटात, वाळत घातलेल्या कपड्यांत सापडतो. नराचं विष जास्त वाईट. विलक्षण गोष्ट अशी की कुत्र्यामांजरांना आणि सशांना या विषाचं फारसं काही होत नाही, माणसाला आणि माकडाला मात्र ते जीवघेणं ठरू शकतं. पूर्वी त्यानं १३ माणसं दगावल्याची नोंद आहे. मग मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये डॉ. स्ट्रुअन सदरलँड यांनी वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागून प्रतिविष तयार केलं. ते १९८१ मध्ये वापरात आलं आणि तेव्हापासून फनेल-वेबच्या दंशानं एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. ज्या सशांना या विषाचं काही होत नाही, त्यांच्याच रक्तातून ते प्रतिविष मिळतं.

त्यासाठी लागणारं विष येतं कुठून, तर सिडनीच्या उत्तरेला सॉमर्सबी इथे ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क आहे, तिथून. आणि त्यांना कोळी कोण देतं? लोक. आपल्या अंगणात सापडलेला फनेल-वेब रुंद तोंडाच्या बरणीत, लांब चमच्यानं ढकलून, झाकण लावून ही माणसं ठरवून दिलेल्या ठिकाणी नेऊन देतात. ज्याला बघून माझी वहिनी नोकरी सोडायला सांगते आहे, त्याला कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या जिवासाठी बरणीत भरून नेणारे शेजारी तिला मिळणार आहेत.

बाकीचे कोळी थोडक्यात. रेडबॅक काळा, पाठीवर लाल पट्टा. बागेतल्या खुर्च्यांखाली, पत्रपेटीत, कुंड्यांमागे असतो. दंश फार दुखतो, पण त्याचंही प्रतिविष १९५६ पासून आहे. व्हिडिओतला तो तळहाताएवढा हंट्समन माणसाला काही करत नाही. झुरळं खातो आणि भिंतीवर गप्प बसतो. आणि कोकणातल्या न्हाणीघरात पोटाशी पांढरी चकती धरून बसलेला तो मोठा चपटा तपकिरी कोळी आठवतोय ना? तो याच कुटुंबातला. तू त्याच्यासमोर लहानपणापासून अंघोळ करत आली आहेस.

आता मला ज्या गोष्टीबद्दल खरं लिहायचंय ती. मध्यंतरी माझा मुलगा शाळेतून आला तो दप्तर टाकून थेट औषधांच्या डब्याकडे गेला. मला म्हणाला, आई, तू सोफ्यावर बस, तुझ्या पायाला साप चावलाय. मी हसत बसले, तर म्हणाला, हसायचं नाही, हलायचं नाही, अजिबात हलायचं नाही. त्यानं रुंद इलॅस्टिक पट्टी काढली. माझी सलवार वर करायला मी हात पुढे केला, तर त्यानं तो धरला. कपडे काढायचे नाहीत, कापडावरूनच बांधायचं. घोट्यावर खोटा दंश, तिथे पहिले वेढे. मग बोटांपासून सुरुवात करून घट्ट बांधत वर, गुडघ्याच्या वर, मांडीपर्यंत. त्या पट्टीवर ओळीनं आयत छापलेले असतात. पट्टी पुरेशी ताणली की आयताचा चौरस दिसतो, म्हणजे ताण बरोबर. पोरगं प्रत्येक वेढ्याला वाकून बघत होतं, चौरस झाला का. झाला नाही तर सोडून पुन्हा. मग माझ्या पायाला लाकडी पट्टी लावून दुसरं बँडेज गुंडाळलं, जिथे ‘दंश’ झाला तिथे पेनानं फुली मारली आणि मला विचारलं, आता कुठला नंबर लावायचा? तीन शून्य, म्हणाला, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तू उठून दारापर्यंतसुद्धा जायचं नाहीस.

हे तंत्रही त्याच डॉ. सदरलँड यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी मांडलं. इथल्या सापांचं विष बहुतेक वेळा लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्तवाहिन्यांसारख्याच पण शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून पसरतं, आणि स्नायू हलले की त्याला वेग येतो. पूर्ण अवयव आवळून निश्चल ठेवला की विष जागच्या जागी बराच वेळ अडकून राहतं. जखम धुवायची नाही, कारण तिथे राहिलेल्या विषाच्या अंशावरून कुठल्या सापाचं प्रतिविष द्यायचं ते ठरवायला मदत होऊ शकते. एवढ्या लांबलचक देशात दवाखाना कधी कधी शेकडो किलोमीटर दूर असतो. क्वीन्सलँडच्या क्लोनकरीहून १९२८ साली विमानानं जाणारे डॉक्टर सुरू झाले ते याच अंतरांमुळे. त्या अंतरातला वेळ ही पट्टी मिळवून देते. आणि हे पहिली-दुसरीतल्या पोराला पाठ आहे. मी सोफ्यावर बसल्या बसल्या वाडीतल्या त्या काकांच्या संध्याकाळचा विचार करत होते आणि मला रडू आलं, पोरगं घाबरलं, त्याला वाटलं पट्टी जास्त घट्ट झाली.

एक गोष्ट ठळक लिहिते, कारण हे वाचून कुणीतरी गावी करून बघेल. फुरसं आणि घोणस चावल्यावर अशी आवळपट्टी बांधायची नाही. त्यांचं विष दंशाच्या जागचं मांस कुजवतं, ते एका जागी कोंडून ठेवलं तर हातपाय जाण्याची भीती वाढते. आपल्याकडे डॉक्टर सांगतात ते असं: माणसाला धीर द्यायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, अवयव मोडल्यासारखा आधार देऊन स्थिर ठेवायचा, घट्ट काही बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही आणि तडक रुग्णालय गाठायचं. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही, कारण आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच आहे.

आणि कुणी मला असं म्हणू नये की हिला तिकडचंच सगळं गोड लागतं. विंचवावरचं ज्ञान जगाला कोकणानं दिलंय. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशानं मरणाऱ्या पोरांच्या उशाशी रात्री काढून ओळखलं की मरण हृदयावरच्या ताणानं येतंय. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि शेकडा चाळीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एकाच्या आसपास आलं. हे त्यांनी ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. ना मोठी प्रयोगशाळा, ना हाताशी पैसा. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, फार उशिरा मिळाली असं माझं मत आहे. ब्रिस्बेनमधल्या एका डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नाव लिहून घेतलं. सदरलँडांच्या शेजारी मी माझ्या मनात बावस्करांनाच बसवते.

तसेच आपले सर्पमित्र. आमच्या छपरात गेल्या वर्षी कार्पेट पायथन, म्हणजे इथला अजगर, निघाला, अडीच-तीन मीटरचा, बिनविषारी. इथे साप मारणं कायद्यानं गुन्हा आहे. परवाना असलेल्या पकडणाऱ्याला बोलावलं. तो शिडीवर चढला, टॉर्च मारला आणि म्हणाला, छान आहे, राहू दे, उंदीर खाईल. त्याचं येण्याचं बिल आम्ही भरलं. रत्नागिरीत रात्री दोनला फोन केला तरी एखादा पोरगा पदरचं पेट्रोल घालून येतो, नाग पिशवीत भरतो, चहा पिऊन जातो. साप मारायला आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, पण तो कायदा गावागावांत पोचवला तो या पोरांनी.

पायथन अजून छपरात आहे. सुरुवातीला त्याची सरपटण्याची खसखस ऐकून झोप उडायची, आता उडत नाही. शेजारच्या आजींनी मला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं: बाहेर ठेवलेले बूट झटकून घाल, बागेत हातमोजे घाल, गवत वाढू देऊ नकोस, रात्री अंगणात टॉर्च घे. माझी आजी राजापुरात हेच सांगायची, फक्त बुटाच्या जागी चपला. मी गाव सोडून इतक्या लांब का आले याची कारणं मी वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी देते. पण पोराला काही चावलं तर अंधार पडायच्या आत त्याच्या हातात सुई लागेल, या खात्रीचं वजन त्यात मोठं आहे.

तर वहिनी, जुलैत या. तेव्हा इथे थंडी असते, साप फारसे बाहेर नसतात, तुला घराची सवय व्हायला वेळ मिळेल. फोनमध्ये दोन नंबर ठेव: तीन शून्य, आणि विषबाधेच्या माहिती केंद्राचा १३ ११ २६. फनेल-वेबला सापासारखीच पट्टी बांधायची, रेडबॅकला पट्टी नाही, फक्त बर्फ. चौरसवाल्या पट्ट्या मी पाठवते, एक घरात, एक गाडीत. आणि निघण्याआधी लांज्याला आईकडे जाशील, तेव्हा १०८ हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून लाव, तिथल्या जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सापाची लस असते ते विचार, आणि रात्री गाडी काढील असा वाडीतला एक माणूस ठरवून ठेव. मी माझ्या आईसाठी ठेवलाय.