मारुती ८०० चं इंजिन अंगणात उतरवण्याआधी

आमची मारुती ८०० जुनी, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. बरेच दिवस निळा धूर सोडत होती आणि पेट्रोलच्या जोडीने ऑइलही पीत होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, तपासलं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तपासलं, तर काटा झटकन वर गेला. ऑइलने फट तात्पुरती बुजली, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या. नुसतं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडून भागणार नव्हतं, सिलिंडर असलेला ब्लॉकच बोअरिंगला, म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून नीट करायला, न्यावा लागणार होता. कोल्हापुरात राहणाऱ्याला बोअरिंगची चिंता नसते, कारखान्यांचं उद्यमनगर आहेच. गाडी गॅरेजला लावून मोकळं होता आलं असतं, पण मला ते इंजिन स्वतः उतरवायचं होतं.

आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकाकांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “नटबोल्ट कोन बी खोलतंय. दर टायमाला वजन कशावर हाय, तेवढं बघत जा.” पुढची सगळी तयारी या एका वाक्याभोवती फिरली.

सुरुवात जागेपासून. शेडच्या अँगलला चेनपुली लावायचा विचार लगेच सोडला. पत्र्याचं वजन पेलायला बसवलेले अँगल ते, इंजिन टांगायला नव्हेत. आंब्याच्या फांदीला इंजिन टांगलेलं मी गावाकडे पाहिलंय, पण फांदी आतून किती पोकळ आहे हे मोडल्यावरच कळतं. शेवटी हायड्रॉलिक इंजिन क्रेन भाड्याने आणली. तिच्या दांड्यावर भोकं असतात आणि प्रत्येक भोकापाशी वजनाचा आकडा लिहिलेला असतो. दांडा जितका बाहेर ओढाल तितकी ताकद कमी होते. ‘दोन टनाची क्रेन’ हा आकडा दांडा पूर्ण आत असतानाचा. म्हणून दांडा नेमका किती बाहेर लागेल हे आधी टेपने मोजून घेतलं.

दुसरी अडचण अंगणातल्या शहाबादी फरशीची. क्रेनची चाकं लहान आणि लोखंडी, फरशीच्या सांध्यात अडकतात. इंजिन हवेत लोंबकळत असताना चाक अडकलं तर सगळं पुढे झुकणार. त्यामुळे क्रेनच्या वाटेवर जाड प्लायवूड अंथरलं आणि रिकामी क्रेन त्यावरून पुढे-मागे ढकलून पाहिली. क्रेनचे पाय गाडीच्या खाली शिरतात, त्यामुळे गाडी किती उचलायची आणि टेकूचे स्टँड कुठे लावायचे हेही क्रेनच ठरवते. हे गाडी वर चढवल्यावर सुचून उपयोग नाही.

गाडी उचलण्याआधी पुढच्या चाकांचे नट जमिनीवरच सैल केले. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले आणि हँडब्रेक ओढला. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण ८०० ला इंजिन फिरवतं ती पुढची चाकं, आणि नेमकी तीच हवेत असणार. शिवाय गिअरबॉक्सही इंजिनाबरोबर बाहेर येणार. मग थोपवायला उरतात ते हँडब्रेक आणि ठोकळे. गाडी ट्रॉली जॅकने उचलली आणि वजन मात्र जॅक स्टँडवर दिलं, पुढच्या चाकांच्या मागे, दाराखालच्या दुमडलेल्या पत्र्याला. जुन्या गाडीत तिथेच गंज धरतो, म्हणून आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून, ठोकून पाहिलं. डावीकडे आवाज बद्द आला तेव्हा स्टँड दोन बोटं मागे, निबर पत्र्यावर घेतला. मग मडगार्ड धरून गाडी जोरात हलवली. हलायची असेल तर आपण खाली नसतानाच हललेली बरी. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक स्टँड म्हणून लावू नयेत, ते वाकत नाहीत, एकदम फुटतात.

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढलं. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो.

पेट्रोलच्या बाबतीत मी जास्त भित्रा आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप इंजिनावरच असतो, दाब फारसा नसतो. नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, गाडीत आधी पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून लाइनमधला दाब उतरवावा लागतो. आमच्याकडे टाकीकडून येणारी नळी सोडवली, तोंडात बोल्ट घालून क्लिप आवळली. थोडं पेट्रोल सांडतंच. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, आणि आमचा गॅस गिझर अंगणालगतच्याच न्हाणीघरात. त्या दिवशी घरातल्यांनी गार पाण्याने आंघोळी केल्या आणि मला त्याबद्दल ऐकूनही घ्यावं लागलं. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवला होता, पाण्याची बादली मुद्दाम लांब. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं तर आग पाण्यावर तरंगत पसरते.

इंजिन पार थंड झाल्यावर कूलंट, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल काढलं. गिअर ऑइल आधीच काढावं, नाहीतर ड्राइव्ह शाफ्ट ओढला की ते अंगावर येतं. कूलंट लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. चवीला गोड असतं, गल्लीतली कुत्री चाटतात आणि मरतात. आमच्या गाडीला एसी नाही. असता तर कॉम्प्रेसर नळ्यांसकट बाजूला बांधून ठेवला असता, त्या नळ्या घरी सोडायच्या नसतात.

सायलेन्सरच्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, तरी एक नट कुरकुरतच निघाला. बॉनेट काढताना बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ मारली. नळ्या आणि वायरींच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून एकच नंबर टाकला. कार्ब्युरेटरभोवतीच्या बारीक व्हॅक्युम नळ्या सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या, त्यांचा फोटो पुरत नाही. त्यांचं चित्र मुलीच्या वहीत काढून ठेवलं. क्लच, ॲक्सिलरेटर, चोक, स्पीडोमीटर, प्रत्येक केबल सोडून बाजूला बांधली. इंजिन टेकवायला ट्रकचा जुना टायर आधीच मांडून ठेवला.

साखळी इंजिनाच्या स्वतःच्या उचलायच्या हुकांना लावली, कार्ब्युरेटरला किंवा नळ्यांना टेकणार नाही अशी. क्रेनने ताण घेतला तेव्हाच इंजिन गाडीला धरून ठेवणारे माउंटिंगचे बोल्ट सोडले. इंजिन दोन इंच वर घेऊन थांबलो आणि टॉर्चने चारी बाजूंनी पाहिलं. गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी तेवढी राहिली होती, ती सोडली. कुणाचाही हात किंवा पाय इंजिनाखाली येऊ द्यायचा नाही, हे मेहुण्याला दोनदा बजावलं. इंजिन पुढच्या पट्टीवरून बाहेर येताच क्रेन तशीच ओढत न बसता आधी ते खाली घेतलं, टायरपासून वीतभर वर, आणि मगच क्रेन सरकवली.

तेच इंजिन परत बसणार असल्याने आरटीओचा प्रश्न नव्हता. दुसरं टाकायचं असतं तर नंबर आरसीवर चढवून घ्यावा लागला असता. आता ब्लॉक उद्यमनगरात आहे. मूळ बोअर ६८.५ मिलिमीटरचा, तो किती झिजलाय हे मोजल्यावर पिस्टन कुठल्या ओव्हरसाइझचे, म्हणजे मूळ मापापेक्षा किती मोठे, घ्यायचे ते ठरेल.