मत मागण्याआधी तत्त्व लिहून द्यावे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, तेव्हा त्याच्या जाहीरनाम्यात भूतारण बँका (जमीन तारण ठेवून कर्ज देणाऱ्या), शेतमालाच्या सहकारी विक्री संस्था, तंत्रशिक्षण आणि कामगार कायदे ही कलमे तर होतीच, शिवाय गरज पडेल तिथे उद्योग सरकारने हाती घ्यावेत, हे पक्षाचे मतही उघडपणे मांडलेले होते. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक सभागृहात मांडले.

कोकणातला खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीचा धनी. सरकारचा सारा भरून वरचे उत्पन्न तो स्वतःकडे ठेवी, कुळांकडून वेठ करून घेई, आणि पिढ्यानपिढ्या जमीन कसणाऱ्याला त्या जमिनीवर हक्क सांगता येत नसे. हा जाच महार कुळाला होता तसाच कुणबी कुळालाही होता. जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, त्यात ही दोन्ही माणसे बरोबरीने चालली. जातीच्या नावाने हाक घातली असती तर ती एका मोर्चात आली नसती, असे माझे ठाम मत आहे. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. मात्र खोती संपवणारा कायदा १९४९ साली झालाच. मागणी लेखी आणि नेमकी होती, म्हणूनच पराभवानंतरही ती जिवंत राहिली.

पुढे १९५१ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आपल्या नंतरच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती आज सर्वांत मोलाची वाटते. हिंदू महासभा, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि कम्युनिस्ट पक्ष यांच्याशी आपण युती करणार नाही, हे त्यांनी मतदानाआधी कारणांसह लिहून दिले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून ते स्वतः हरले, पण त्यांना मत देणाऱ्याला आपले मत कुठे जाणार, हे आधीच ठाऊक होते.

२०१९ नंतरच्या महाराष्ट्रातील मतदाराला हे भाग्य लाभले नाही. निकालानंतर आघाड्या बदलल्या, दोन पक्ष फुटले. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते, तर प्रमुख जाहीरनामे त्याआधी जेमतेम दहा दिवस लोकांसमोर आले. महिलांना तेव्हा दरमहा १५०० रुपये मिळत होते. एका बाजूने २१०० देऊ केले, दुसऱ्या बाजूने ३०००. स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा असावा, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे आणि त्यावर निवडणूक व्हायलाच हवी. परंतु हा पैसा घरकामाचे मोल म्हणून द्यायचा, रोजगार नाही म्हणून द्यायचा की गरिबीवरचा तात्पुरता आधार म्हणून, यावर वाद झाला असता तर मतदाराला दोन विचारांतून निवड करता आली असती. प्रचारात मात्र आकडेच गाजले.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्याविषयी कलम घातले आहे. आश्वासनामागची भूमिका आणि त्यासाठीचा पैसा कसा उभा करणार, याचा ढोबळ उल्लेख जाहीरनाम्यात असावा, अशी त्यात अपेक्षा आहे. पुढच्या निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे मी हे दोन्ही मागणार आहे, आणि त्याचा पक्ष निकालानंतर कोणाबरोबर बसणार नाही, तेही त्याने आधी लिहून द्यावे, असा आग्रह धरणार आहे.