तुम्ही विचारलंत म्हणून: खिशातला कॅमेरा की डीएसएलआर?

"ताई, छोटा कॅमेरा घेऊ की सरळ डीएसएलआर?" हा प्रश्न मला वर्षभरात कितीतरी जण विचारतात. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स काढून बदलता येणारा मोठा कॅमेरा. कुणाच्या घरी नुकतंच बाळ आलेलं असतं, कुणी निवृत्तीनंतर फिरायला निघालेलं असतं, कुणाच्या मुलीला फोटोंचं वेड लागलेलं असतं. मी प्रत्येकाला उलट एकच विचारते : तुम्ही दुसरी लेन्स घेणार आहात का?

समोरचा जरा गोंधळतो. पहिलीचाच पत्ता नाही, तर दुसरीचं काय? पण माझं सगळं उत्तर त्या दुसऱ्या लेन्सपाशीच येऊन थांबतं. ते का, हे फोनवर घाईघाईत सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी सेन्सर, कारण डीएसएलआरची सगळी कीर्ती त्याच्यावर उभी आहे. कॅमेऱ्यात जिच्यावर प्रकाश पडून फोटो तयार होतो ती ही आयताकृती चिप. अगदी साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात ती सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरची असते, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरची. क्षेत्रफळ काढलंत तर हा फरक तेरा पटींचा आहे. मावळतीनंतर काढलेल्या फोटोत साध्या कॉम्पॅक्टचं आभाळ रवाळ दिसतं आणि डीएसएलआरचं मऊ दिसतं, ते यामुळे. त्या साध्या कॉम्पॅक्टबद्दल मी फार बोलणार नाही. त्याचं काम आता फोन करतो, आणि फोन एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते एकमेकांत मिसळत असल्यामुळे बऱ्याचदा जास्त चांगलं करतो. त्यावर पैसे घालू नका.

खरी तुलना वेगळ्या छोट्या कॅमेऱ्याशी आहे. २०१२ साली सोनीने आरएक्स-१०० आणला. शर्टाच्या खिशात मावणारा, बॅटरी-कार्डासकट २४० ग्रॅमचा, आणि आत 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर. हे नाव फसवं आहे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्यांच्या बाहेरच्या व्यासावरून ही मापं पडली आणि नळ्या गेल्या तरी तशीच राहिली. प्रत्यक्षात हा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट, आणि डीएसएलआरच्या साधारण एक-तृतीयांश.

"म्हणजे डीएसएलआर तिप्पट पुढेच ना?" असं इथे सगळे म्हणतात. मीही कित्येक वर्षं असंच मानत होते. पण सेन्सरवर किती प्रकाश पडणार हे लेन्स ठरवते. नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआरबरोबर जी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स येते, ती रुंद बाजूला जास्तीत जास्त एफ ३.५ पर्यंत उघडते आणि झूम करत गेलं की एफ ५.६ पर्यंत आकसते. हा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान. आरएक्स-१०० ची लेन्स रुंद बाजूला एफ १.८ पर्यंत उघडते. ३.५ ला १.८ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा : पावणेचार येतात. म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर छोटा कॅमेरा पावणेचार पट प्रकाश पाडतो आणि डीएसएलआरकडे असे चौरस मिलिमीटर तिपटीहून थोडे जास्त असतात. दोघांचा हिशेब जवळजवळ फिटतो, छोटा कॅमेरा किंचित पुढेच राहतो.

त्या पहिल्या मॉडेलची लेन्स झूम केल्यावर एफ ४.९ पर्यंत जायची आणि तिथे डीएसएलआर पुढे निघायचा. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत झूम थोडा कमी करून ती लेन्स शेवटपर्यंत एफ २.८ च्या आत ठेवली आणि तिथेही बरोबरी झाली. कॅननच्या जी-७एक्स मालिकेतही याच मापाचा सेन्सर आणि अशीच उघडी लेन्स आहे.

हा हिशेब मी मुद्दाम पूर्ण मांडला, कारण दुकानातला माणूस तो मांडत नाही. तो सेन्सर दाखवतो आणि किट लेन्सबद्दल गप्प बसतो. डीएसएलआर घेऊन त्यावर कायम किट लेन्सच ठेवलीत, तर फोटोच्या दर्जात तुम्हाला चांगल्या छोट्या कॅमेऱ्यापेक्षा फारसं काही जास्त मिळत नाही. ओझं मात्र मिळतं. निकॉनचा डी-३५०० हा २०१८ मधला डीएसएलआर हलक्यात हलका गणला जायचा, तरी किट लेन्ससकट सहाशे ग्रॅमच्या वर जातो. आकाराचा प्रश्न त्याहून मोठा आहे, कारण तो खिशात जात नाही. त्याला पिशवी लागते, आणि पिशवी लागणारी वस्तू घरातून निघताना 'नेऊ की नको' असं ठरवून न्यावी लागते.

आता दुसऱ्या लेन्सकडे येते. माझ्या भाचीचं शाळेत नाटक होतं. मी माझा डीएसएलआर आणि किट लेन्स घेऊन चौथ्या रांगेत बसले. सभागृहात अंधार, रंगमंचावर दोन पिवळे दिवे. झूम करून लेन्स एफ ५.६ वर आली आणि कॅमेऱ्याने शटर एक-पंधरांश सेकंद उघडं ठेवलं. लेन्समध्ये हात हलल्याची भरपाई करणारी सोय होती आणि तिने काम चोख केलं : मागचा पडदा, खुर्च्या, कागदी झाड, सगळं स्पष्ट आलं. फक्त मुलं हलली. माझा हात हलला तर ती सोय सावरून घेते, समोरचं मूल हललं तर तिच्या हातात काही नसतं. दीडशे फोटोंत भाचीचा चेहरा एकदाही धड आला नाही. घरी येऊन ते फोटो बघताना मला रडू आलं होतं, कारण ते नाटक पुन्हा होणार नव्हतं.

पुढच्या वर्षी एका मैत्रिणीने तिची ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स दोन दिवसांसाठी दिली. तोच कॅमेरा, तेच सभागृह, तेच पिवळे दिवे. पण आता नऊपटीहून जास्त प्रकाश आत येत होता आणि शटर एक-पंधरांशवरून एक-शंभर-पंचविसांशवर गेलं. भाची उडी मारताना हवेत आहे, तिची वेणी वर उडाली आहे आणि डोळे माझ्याकडे आहेत, असा एक फोटो आला. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की मी इतके दिवस डीएसएलआर घेतलाच नव्हता, नुसती त्याची पेटी घेतली होती. डीएसएलआर म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा. ती बदलायचीच नसेल, तर त्या रचनेतलं अर्धंअधिक वजन तुम्ही विनाकारण वाहता.

लेन्स घेताना एक ठेच लागते, ती आधीच सांगते. निकॉनच्या डी-३००० आणि डी-५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांमध्ये फोकसची मोटर नसते. जुन्या डी प्रकारच्या ५० मिलिमीटर लेन्समध्येही ती नसते. दोन्ही एकत्र आले की लेन्स बसते, फोटो निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. धावत्या मुलाच्या मागे हाताने फोकस करणं सोपं नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलं असेल तर मोटर तिच्या आतच असते. एएफ-पी जुन्या बॉडीवर चालतेच असं नाही, तेवढं विचारून घ्या. निकॉनवर माझी निवड ३५ मिलिमीटर एफ १.८ ची एएफ-एस डीएक्स लेन्स. दोनशे ग्रॅमची आहे, आणि घरातल्या खोलीत ५० ने मागे सरकत भिंतीला टेकायला होतं तसं हिच्याने होत नाही.

छिद्राच्या हिशेबापलीकडेही डीएसएलआरची एक ताकद आहे, ती मला मनापासून आवडते. डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की आरशातून थेट समोरचं दिसतं, पडद्यावरचं चित्र नव्हे. फोकससाठी आत वेगळा सेन्सर असतो, तो कुठल्या दिशेला किती सरकायचं हे एका झटक्यात ओळखतो. म्हणून धावणारं मूल, उडणारा पक्षी, खेळाचं मैदान यांसाठी तो अजूनही भरवशाचा आहे. मात्र हा वेग व्ह्यूफाइंडरमधूनच मिळतो. डी-३५०० मागच्या पडद्यावर बघून वापरलात तर फोकस रेंगाळतो. कॅननच्या २००डी मध्ये ही अडचण बरीच कमी आहे, कारण तिथे फोटोच्या सेन्सरवरच फोकसची सोय आहे. पक्ष्यांसाठी ७०-३०० सारखी लेन्स लावलीत की जी पोच मिळते, ती खिशातल्या एक इंची कॅमेऱ्यात नाही. बॅटरीतही मोठा फरक आहे : ठरावीक चाचणीनुसार डी-३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो काढतो, छोटे सोनी तीनशेच्या आसपास थांबतात. छोटा घेतलात तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या.

एवढं सगळं डीएसएलआरच्या बाजूने सांगूनही, विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी छोटाच सुचवते. त्याचं कारण माझे बाबा.

बाबांसमोर मोठा कॅमेरा काढला की ते शर्टाचं वरचं बटण लावायचे, केसांवरून हात फिरवायचे आणि ताठ बसायचे. कितीही सांगितलं तरी. त्यांच्या दृष्टीने फोटो काढणं ही गंभीर गोष्ट होती आणि समोरच्या काळ्या जड यंत्राला तसाच मान द्यायला हवा होता. डीएसएलआरने काढलेल्या त्यांच्या सगळ्या फोटोंत ते ओळखपत्रावरच्यासारखे दिसतात. शेवटच्या तीन वर्षांत माझ्याकडे छोटा कॅमेरा होता. तो टेबलावर चष्म्याशेजारी पडलेला असायचा. त्याच्या शटरचा आवाज जवळपास येतच नाही, कारण आत वरखाली होणारा आरसा नसतो आणि शटर लेन्समध्येच बसवलेलं असतं. बाबा वर्तमानपत्र वाचताना स्वतःशी पुटपुटतायत, रेडिओशी वाद घालतायत, खिडकीत मान टाकून झोपलेत, असे कितीतरी फोटो आहेत. सगळ्यांत वरचं बटण उघडं आहे.

हे फक्त घरगुती अनुभवाचं बोलणं नाही. मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेतला ॲलेक्स मायोली २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत काँगो आणि इराकमध्ये ऑलिम्पसचे छोटे डिजिटल कॅमेरे घेऊन काम करत होता. जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा रस्त्यावरच्या फोटोंसाठी रिकोचा जीआर हा खिशातला कॅमेरा वापरत आला आहे. या माणसांना हवा तो कॅमेरा मिळाला असता. माणसं सावरून बसण्याआधीचा क्षण हवा असेल तर यंत्र लहान असावं लागतं, एवढं तरी यातून नक्की दिसतं. पुढे २०१९ च्या जीआर-३ मध्ये रिकोने डीएसएलआरएवढा सेन्सर २५७ ग्रॅममध्ये बसवला. त्याला झूम नाही, एकच रुंद लेन्स आहे. दुसरी लेन्स कधीच नको असलेल्यांसाठी माझ्या मते त्याच्याइतका चोख खिशातला कॅमेरा दुसरा झाला नाही.

छोट्या कॅमेऱ्याचा दोषही सांगितला पाहिजे. त्याची लेन्स चालू केल्यावर नळीसारखी बाहेर येते. माझा पहिला असा कॅमेरा समुद्रावर गेला, वाळूचा एक कण त्या नळीच्या फटीत अडकला आणि लेन्स अर्धी बाहेर असतानाच करकरून थांबली. दुरुस्तीचा खर्च इतका सांगितला की तो तसाच कपाटात गेला. डीएसएलआरची लेन्स बिघडली तर लेन्स बदलता येते, इथे सगळंच एकत्र असतं. खिशातली धूळही हळूहळू लेन्समधून आत सेन्सरवर जाऊन बसते आणि आभाळाच्या फोटोत राखाडी ठिपका होऊन दिसते. ती घरी काढता येत नाही. म्हणून खिशात टाकताना पातळ कापडी पिशवीत टाका, आणि वाळूत चालू करूच नका.

तुम्ही विचाराल, आता डीएसएलआर घ्यायचे दिवस आहेत का? कॅनन आणि निकॉन दोघांचाही जोर आता बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे, आणि डी-३५०० चं उत्पादन थांबलं आहे. पण म्हणूनच चांगल्या अवस्थेतले वापरलेले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स सहज मिळतात, आणि शिकणाऱ्या मुलीसाठी हा फार चांगला काळ आहे. वापरलेला घेताना शटर किती वेळा उडालं आहे ते विचारा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच हा आकडा नोंदलेला असतो, तेव्हा समोरच एक फोटो काढून फाइल मागून घ्या. लेन्स उजेडाकडे धरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, ती लेन्स परत करा.

गेल्या महिन्यात ज्यांनी विचारलं, त्यांचा मुलगा दोन वर्षांचा आहे. दुसरी लेन्स घेणार का, या प्रश्नाला ते म्हणाले, "पुढे बघू." माझ्या अनुभवात 'पुढे बघू' म्हणजे नाही. मी त्यांना एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा घ्यायला सांगितलं आणि तो मुलाच्या हाताला लागणार नाही पण त्यांच्या लागेल अशा फळीवर ठेवायला सांगितलं. त्याच आठवड्यात एका सोळा वर्षांच्या मुलीने विचारलं. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती म्हणाली, "पन्नास की पस्तीस, कोणती घेऊ?" तिला मी माझा जुना डीएसएलआर आणि पस्तीसची लेन्स देऊन टाकली. किट लेन्स दिली नाही.