पोहणारा जिवाणू अँटीबॉडीने थांबतो तेव्हा

अँटीबॉडी जिवाणूला मारते, असं सरसकट सांगितलं जातं. खरं तर मारण्याचं काम बहुतेक वेळा कॉम्प्लिमेंट (रक्तातल्या संरक्षक प्रथिनांचा संच) आणि भक्षक पेशी करतात. अँटीबॉडीला एकटीच्या बळावर छान जमतं ते पोहणाऱ्या जिवाणूला जखडून ठेवणं.

साल्मोनेला या आतड्यातल्या रोगजंतूच्या अंगावर चहूबाजूंनी फ्लॅजेला (पोहायला लागणाऱ्या शेपट्या; एकटी असेल तर फ्लॅजेलम) असतात, जेमतेम २० नॅनोमीटर जाड. पुढे जाताना त्या एकत्र येऊन त्यांचा जुडगा होतो आणि तो मळसूत्रासारखा फिरतो. अँटीबॉडीला टोकं दोन. एक टोक या फ्लॅजेलमला, दुसरं शेजारच्याला चिकटलं की जुडगा जाम. एकाच टोकाचे तुकडे (फॅब) वापरले तर ही गाठ बसत नाही. फ्लॅजेला वळवळत नाहीत, मुळापासून गोल फिरतात, हे १९७३ मध्ये बर्ग आणि अँडरसन यांनी मांडलं, तेव्हा हा फरक त्यांच्या कामी आला. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी फ्लॅजेला अँटीबॉडीने काचेला चिकटवली, तर अख्खा जिवाणूच गरगर फिरू लागला!

कॉलऱ्याच्या जिवाणूला शेपटी एकच, आणि तिच्यावर बाह्यपटलाचं आवरण असतं. बाह्यपटलावरची ओ१ ही ओळखखूण या आवरणावरही असते, त्यामुळे ओ१ अँटीसीरमही (त्या खुणेविरुद्धच्या अँटीबॉडी असलेलं सीरम) त्याला थांबवतं. अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये (कॉलऱ्याच्या जिवाणूला मानवणारं अल्कधर्मी पोषक द्रव) सुमारे सहा तास वाढवून वरच्या थरातला थेंब घ्या आणि डार्क फील्डखाली (काळ्या पार्श्वभूमीवर जिवाणू चमकताना दाखवणारा सूक्ष्मदर्शक) बघा: बाणासारखी सुसाट हालचाल दिसते. अँटीसीरमचा थेंब मिसळला की काही मिनिटांत ती थांबते. थांबलेले जिवाणू जागच्या जागी थरथरत राहतात. ती ब्राउनियन हालचाल, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी थरथर. नवशिके तिलाच पोहणं समजतात. सीरममध्ये टिकाऊपणासाठी घातलेलं अझाइड किंवा फिनॉलही हालचाल बंद पाडू शकतं, म्हणून तेच रसायन असलेलं साधं सीरम कंट्रोल म्हणून हवंच. कॉलऱ्याचाच दुसरा प्रकार ओ१३९ मात्र ओ१ सीरमला दाद देत नाही.

याच तत्त्वावरची माझी आवडती युक्ती म्हणजे क्रेगी नळी. साल्मोनेलाचे बरेच प्रकार फ्लॅजेलाचं प्रथिन दोन अवस्थांत आलटून पालटून बनवतात, आणि प्रकार ओळखायला दोन्ही अवस्था लागतात. एकच सापडली असेल तर ०.२ ते ०.४ टक्क्यांचं अगार (जिवाणू वाढवायची जेली; इतकं पातळ की त्यातून पोहता येतं) वितळवून ५० अंशांच्या खाली आणा आणि सापडलेल्या अवस्थेचं अँटीसीरम त्यात मिसळा (जास्त गरम असेल तर अँटीबॉडीच खराब होते). बाटलीत दोन्ही तोंडं उघडी असलेली काचनळी उभी ठेवा, वरचं तोंड अगारच्या बरंच वर राहील अशी. जिवाणू फक्त नळीच्या आत टोचा. ३७ अंशांवर रात्रभरात ओळखीचे जिवाणू आतच अडकतात; दुसऱ्या अवस्थेतले खालून वळसा घालून बाहेरच्या पृष्ठभागावर येतात. तिथून उचलून एच सीरमने (फ्लॅजेलाच्या प्रथिनाविरुद्धचं अँटीसीरम) तपासा.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. अगार घट्ट झालं तर कुणीच पोहत नाही. सीरम कमी पडलं तर जुनेच सटकून बाहेर येतात. किती घालायचं ते टायटरवर, म्हणजे सीरमच्या ताकदीवर ठरतं. टोचताना लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) बाहेरच्या अगारला लागला तर निकाल फुकट. आणि टायफीला (टायफॉइडचा साल्मोनेला) सहसा दुसरी अवस्था नसतेच, त्यामुळे तिथे बाहेर काही आलं नाही म्हणून नळी पुन्हा लावत बसू नका.