बीपीची गोळी लागू पडेना : माझा अनुभव

बीपी मोजणं, गोळी वेळेवर घेणं यात काहीच अडलं नाही. अडलं ते दोन डॉक्टरांच्या मध्ये. निफेडिपिन ही बीपीची गोळी एकांनी लिहिलेली, फिनोबार्बिटोन ही फिटवर आणि झोपेसाठी दिली जाणारी गोळी दुसऱ्यांनी. आणि फॉर्मवर ‘चालू औषधे’ या रकान्याला जेमतेम एक ओळ. तेवढ्या जागेत माणूस ज्या आजारासाठी आलाय त्याच्याच गोळ्या लिहितो. झोपेची, फिटची गोळी राहून जाते. मग आकडा उतरेना की डोस वाढवतात, नाहीतर ‘गोळ्या चुकवता का?’ असं विचारतात. याचा मला अजून राग येतो. ‘आणखी काय घेता?’ एवढंच विचारायला हवं होतं.

फिनोबार्बिटोनमुळे यकृतातली औषधं मोडणारी एन्झाइम्स वाढतात आणि बीपीची गोळी लवकर मोडून जाते. ही वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला सगळं ठीक दिसतं आणि नंतर बीपी चढतं. तोवर नव्या गोळीचा संशय कुणालाच येत नाही. मी वहीत आकड्यांशेजारी ती गोळी सुरू झाल्याची तारीख लिहिली, तेव्हा चढ त्यानंतरचाच असल्याचं उघड झालं.

बीपीच्या गोळ्यांपैकी निफेडिपिन, फेलोडिपिन, व्हेरापामिल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यकृतात मोडतात. फिनोबार्बिटोनसोबत रक्तातलं त्यांचं प्रमाण घटतं. अ‍ॅटेनोलॉल, लिसिनोप्रिल मुख्यतः मूत्रपिंडावाटे जातात, त्यांना ही झळ लागत नाही. म्हणून डोस वाढवण्याआधी गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

डायझेपाम, अल्प्राझोलाम या झोपेसाठी, घबराटीसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचं उलट आहे. त्या बीपी आणखी उतरवतात, उठताना चक्कर येऊ शकते; पण बरेच दिवस घेऊन एकदम थांबवल्या तर बीपी उसळतं. झोपेसाठी घेतलं जाणारं मेलाटोनिनही साधं समजू नका : निफेडिपिन घेणाऱ्यांमध्ये त्याने बीपी वाढल्याचं आढळलंय.

फिनोबार्बिटोन स्वतःहून सोडू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांनी हळूहळू बंद केलं तरी पुढचे काही आठवडे बीपी रोज मोजा. एन्झाइम्स ओसरली की बीपीच्या गोळीचा वाढवलेला डोस जास्त होतो. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीला ठेवा, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा; सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी.

आणि फॉर्मच्या त्या ओळीवर विसंबू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, प्रत्येकावर सुरू केल्याची तारीख लिहून.