व्हीलुकअप येतं म्हणजे एक्सेल येतं असं मला वाटायचं

रेझ्युमेत मी कित्येक वर्षं "ॲडव्हान्स्ड एक्सेल" असं बिनधास्त लिहीत आलोय. त्यातलं ॲडव्हान्स्ड म्हणजे काय, तर व्हीलुकअप (दुसऱ्या यादीत कोड शोधून त्याच्यासमोरची माहिती उचलणारा फॉर्म्युला) मारता येतं, पिव्होट (डेटाची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता) टाकता येतो आणि कंडिशनल फॉरमॅटिंगने शीट लाल-हिरवी करता येते. बस. इंटरव्ह्यू घेणारे पण एवढंच विचारतात, व्हीलुकअप येतं का, आपण येतं म्हणायचं, दोघंही खूश.

हे सगळं एका मंथ एन्डला उघडं पडलं. ग्राहकांचे कोड आणि त्यांचे ठरलेले रेट अशी एक मास्टर शीट होती आणि त्यातून व्हीलुकअपने रेट उचलून मी बिलिंगचा रिपोर्ट बनवायचो. महिनोन्‌महिने नीट चाललेलं. एरर नाही, हॅश एनए (म्हणजे "सापडलं नाही") नाही, काही नाही. मग अकाउंट्सच्या मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा आकडा कुठून आला?" मी म्हटलं व्हीलुकअपमधून आला. त्या म्हणाल्या, "ते दिसतंय हो, पण हा ग्राहक मास्टरमध्ये नाहीच आहे. मग याला रेट कुणी दिला?"

खरंच नव्हता. नवीन ग्राहक, मास्टरमध्ये भरायचा राहून गेलेला. आणि तरी त्याच्यासमोर छान दोन दशांश स्थळांपर्यंत रेट आलेला, कारण फॉर्म्युल्याच्या शेवटी जो चौथा भाग असतो, तिथे फॉल्स किंवा शून्य लिहायचं असतं, तो मी टाकलाच नव्हता. तो नाही टाकला की एक्सेल तो ट्रू धरतं, म्हणजे नेमका कोड नाही सापडला तर त्याच्या आधीचा, सगळ्यात जवळचा लहान कोड पकडून त्याची व्हॅल्यू देऊन मोकळं होतं. थोडक्यात नवीन ग्राहकाला शेजाऱ्याचा रेट लागला. मास्टर लिस्ट योगायोगाने कोडनुसार सॉर्ट केलेली होती म्हणून बाकीचे सगळे बरोबर येत होते, नाहीतर पहिल्याच महिन्यात बोंब झाली असती आणि खरं सांगतो ते बरं झालं असतं. (ती पद्धत चुकीची आहे असं नाही हं. कमिशनचे किंवा टॅक्सचे स्लॅब असतात ना, अमुक ते अमुक रकमेला इतके टक्के, तिथे तेच हवं असतं. फक्त तिथेच हवं असतं.)

एरर आली की आपण शोधाशोध करतो. चुकीचा आकडा व्यवस्थित कपडे घालून येऊन बसला की कोण त्याला ओळखणार. त्या दिवसापासून माझं एक्सेल शिकणं खरं म्हणजे सुरू झालं, आणि गंमत म्हणजे पहिले दोन-तीन महिने मी एकही नवीन फॉर्म्युला शिकलो नाही.

मॅडमनी माझी फाईल उघडली आणि आधी सगळे मर्ज केलेले सेल सोडवले. मला वाईट वाटलं, एवढं छान मधोमध हेडिंग बसवलेलं. पण मर्ज असलं की सॉर्ट होत नाही, कॉलम सिलेक्ट करायला गेलं की भलतेच चार कॉलम सिलेक्ट होतात. मधोमध दिसायलाच हवं असेल तर फॉरमॅट सेल्समध्ये अलाइनमेंटला "सेंटर अक्रॉस सिलेक्शन" आहे, दिसतं तसंच आणि सेल सुटेच राहतात. इतकी वर्षं ते तिथेच होतं.

मग त्यांनी मधल्या रिकाम्या रो काढल्या, मधले सबटोटल काढले, आणि मग ते केलं ज्याने माझं डोकं फिरलं. माझ्या शीटमध्ये जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे महिने आडवे मांडलेले होते, कारण साहेबांना तसं बघायला आवडतं. त्या म्हणाल्या साहेब बघतात ती शीट वेगळी आणि तू काम करतोस ती शीट वेगळी. कामाच्या शीटमध्ये महिना हा एकच कॉलम, त्याच्याखाली सगळे महिने उभे. एक रो म्हणजे एक नोंद, एक कॉलम म्हणजे एकच प्रकारची माहिती. मला आधी पटलं नाही, १२ कॉलमचा डेटा उभा केला की रो १२ पट होतात, हे कसलं सोपं. पण एकदा डेटा असा उभा झाला की जे प्रश्न सोडवायला मी हातभर लांब इफमध्ये इफ लिहायचो ते सगळे एका पिव्होटमध्ये किंवा एका समइफ्समध्ये (अटी लावून बेरीज करणारा फॉर्म्युला) सुटायला लागले. म्हणजे माझे फॉर्म्युले अवघड होते कारण डेटा वाकडा होता. मी मात्र इतके दिवस अवघड फॉर्म्युला लिहिता येतो याचाच अभिमान बाळगून होतो.

नंतरची सवय म्हणजे कंट्रोल टी. डेटा सिलेक्ट करून तेवढं दाबलं की त्याचं टेबल होतं, आणि मग खाली नवीन रो टाकली की रेंज आपोआप वाढते. किरकोळ वाटतं ना? २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यावर एक निबंध लिहिला, जगभरात खर्चकपातीच्या बाजूने तो दाखवला जायचा. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने त्यांची मूळ शीट मागवून उघडली तर ॲव्हरेजची रेंज शेवटपर्यंत ओढलेलीच नव्हती, २० देशांपैकी ५ बाहेर राहिलेले. त्या निबंधावर इतरही आक्षेप होते, सगळा घोळ त्या एका रेंजचा नव्हता, पण ती बातमी वाचून मला जरा धीर आला. हार्वर्डवाल्यांचंही ड्रॅग करताना बोट सुटतं.

फॉर्म्युला ओढला की त्यातले सेलचे पत्ते सरकतात, ते सरकू नयेत म्हणून डॉलरचं चिन्ह लावतात, त्या डॉलरचं काय ते पण सांगतो, कारण ते लावणारं एफ फोर बटण सगळ्यांना माहीत असतं आणि अर्ध्यांना कळलेलं नसतं. मलाही नव्हतं. मी सरसकट दोन्हीकडे डॉलर लावायचो. डॉलर ज्याच्या आधी आहे तेवढंच गोठतं, कॉलमच्या अक्षराआधी लावला तर फक्त कॉलम, रोच्या नंबराआधी लावला तर फक्त रो. हे एकदा डोक्यात बसलं की एकच फॉर्म्युला लिहून आडवा आणि उभा दोन्हीकडे ओढता येतो. कळत नसेल तर कोऱ्या शीटवर एक ते दहाचे पाढे एकाच फॉर्म्युल्याने बनवून बघा, अर्ध्या तासात कायमचं कळेल.

आता तारखा. तारखांवर मी वेगळी पोस्ट लिहू शकतो एवढा त्रास काढलाय. एक्सेलच्या पोटात तारीख हा नुसता नंबर असतो, १ जानेवारी १९०० म्हणजे १ आणि तिथून पुढे मोजत जायचं. सेलमध्ये ६० लिहून त्याला तारखेचं फॉरमॅट द्या, २९ फेब्रुवारी १९०० दिसेल, जी तारीख जगात कधी उगवलीच नाही कारण १९०० लीप वर्ष नव्हतं. ही चूक लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये होती आणि त्याच्या फाईली एक्सेलमध्ये नीट चालाव्यात म्हणून मुद्दाम तशीच ठेवली, ती आजपर्यंत आहे. हे ऑफिसात कामाला येत नाही, मला आपलं सांगायला आवडतं.

कामाला येणारी गोष्ट अशी की दुसऱ्या सिस्टीममधून डेटा आला, त्यात दिवस आधी आणि महिना नंतर आहे, आणि तुमच्या कॉम्प्युटरचं सेटिंग उलटं आहे, तर ०३/०४ ची ३ एप्रिल न होता गुपचूप ४ मार्च होते आणि २५/०४ चं काहीच न होता ते टेक्स्ट म्हणून पडून राहतं, कारण २५ वा महिना नसतो. म्हणजे एकाच कॉलममधल्या काही तारखा चुकीच्या आणि उरलेल्या तारखाच नाहीत. ओळखायचं कसं, तर अलाइनमेंट काढून टाकायची, खरी तारीख उजवीकडे चिकटते, टेक्स्ट डावीकडे. म्हणून मी आता आलेल्या डेटाला सजावट सगळ्यात शेवटी करतो. आधी मधोमध करून टाकलं की हा पुरावाच गेला.

असंच १६ आकडी नंबरांचं. एक्सेल नंबराचे १५ आकडेच धरून ठेवतं, १६ वा शून्य होतो आणि परत येत नाही. खातं क्रमांक, कार्ड क्रमांक, सुरुवातीला शून्य असलेले कोड, हे सगळं पेस्ट करायच्या आधी कॉलम टेक्स्ट करून ठेवायचा. स्वतःहून बदलायची ही हौस इतकी की मार्च-वन, सेप्ट-टू अशा नावांचे जीन्स (जनुकं) शास्त्रज्ञांच्या शीटमध्ये तारखा होऊन बसायचे, शेवटी २०२० मध्ये त्या जीन्सचीच अधिकृत नावं बदलली. माणसांनी हार मानली, एक्सेलने नाही. (२०२३ मध्ये ते बंद करायचा ऑप्शन आला म्हणा, ऑप्शन्समध्ये डेटा सेक्शनला बघा.)

आणि दोन ठिकाणच्या डेटातले कोड दिसायला सेम पण लुकअपला सापडत नाहीत, हे ज्याने भोगलंय त्यालाच माहीत. शंभरातल्या नव्वद वेळा मागे स्पेस असते, ट्रिम हा फॉर्म्युला लावला की जाते. उरलेल्या वेळी ट्रिमनेही जात नाही कारण ती साधी स्पेस नसते, वेबपेजवरून कॉपी करताना येणारी कॅरेक्टर १६० असते, ती सब्स्टिट्यूट या अक्षरं बदलणाऱ्या फॉर्म्युल्याने काढावी लागते. या एका गोष्टीवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

एक्सलुकअपबद्दल, म्हणजे व्हीलुकअपच्या नव्या भावाबद्दल, विचाराल तर हो, आता तेच वापरतो. ते काही सांगितलं नाही तर नेमकंच शोधतं, डावीकडचंही उचलतं, आणि मधे कुणी कॉलम घातला तरी व्हीलुकअपसारखं तिसऱ्या नंबरचा कॉलम म्हणून भलताच उचलत नाही. पण जुन्या व्हर्जनवर ते चालत नाही, म्हणून फाईल कुणाकडे जाणार ते बघून इंडेक्स-मॅच, तेच काम करणारी दोन जुन्या फॉर्म्युल्यांची जोडी. त्यात मॅचच्या शेवटी शून्य लिहायला विसरू नका, तिथेही तोच शेजाऱ्याचा प्रकार आहे.

मॅक्रो (केलेली कामं रेकॉर्ड करून पुन्हा तशीच चालवायची सोय) शिकायला घेतलं होतं, रेकॉर्ड केलं, चाललं, पुढच्या महिन्यात एक कॉलम वाढला आणि त्याने भलत्याच सेलमध्ये पराक्रम केला. सोडून दिलं. त्याऐवजी पॉवर क्वेरी, म्हणजे बाहेरचा डेटा आणून साफ करायचं एक्सेलमधलंच टूल, शिकलो आणि कुणी मला एकच गोष्ट सांगा म्हटलं तर मी हीच सांगेन. एक्सेल २०१६ पासून ते डेटा टॅबमध्ये आतच आहे. माझ्याकडे दर महिन्याला वेगवेगळ्या शाखांच्या फाईली येतात, मी एकेक उघडून कॉपी, पेस्ट स्पेशल, हेडिंग उडव, परत पुढची, असा दीड दिवस घालवायचो. आता सगळ्या एका फोल्डरमध्ये टाकतो आणि क्वेरी ते फोल्डर वाचते, वरच्या नको त्या रो काढते, आडवे महिने अनपिव्होट करून उभे करते, स्पेस काढते, तारखांना कुठल्या पद्धतीच्या तारखा आहेत ते सांगून बदलते. प्रत्येक पायरी उजवीकडे नोंदवलेली दिसते, कुठल्याही पायरीवर क्लिक करून तेव्हा डेटा कसा होता ते बघता येतं. पुढच्या महिन्यात नवीन फाईल फोल्डरमध्ये आणि रिफ्रेश. एखाद्या शाखेने आपल्या मनाने कॉलमचं नाव बदललं की मात्र क्वेरी अडून बसते, कॉलम सापडत नाही म्हणून ओरडते. पहिल्यांदा राग आला. मग व्हीलुकअप आठवलं आणि म्हटलं ओरड बाई, हवं तेवढं ओरड.

हां, आणि फाईल जुन्या एक्सएलएसमध्ये सेव्ह करायची असेल तर रो मोजा. त्यात ६५,५३६ रो मावतात, नव्यात १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जुन्या फॉरमॅटमुळेच कोरोनाच्या १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस मोजणीतून राहून गेल्या होत्या.

शिकायचं कसं म्हणाल तर व्हिडिओ मी भरपूर बघितले, बघताना सगळं कळतं आणि स्वतःची फाईल उघडली की कोरी पाटी. त्यापेक्षा दुसऱ्याने केलेली चालती फाईल घ्या आणि फॉर्म्युला सोलत बसा. फॉर्म्युला बारमध्ये एखादा तुकडा सिलेक्ट करून एफ नाईन दाबलं की तेवढ्याच तुकड्याचं उत्तर दिसतं. मग एस्केप दाबायचं, एन्टर नाही, एन्टर दाबलं की तो तुकडा कायमचा आकडा होऊन बसतो. हे मी कसं शिकलो ते विचारू नका.

आता माझ्या प्रत्येक फाईलमध्ये "चेक" नावाची शीट असते. आलेल्या फाईलींचा टोटल एकीकडे, माझ्या रिपोर्टचा टोटल दुसरीकडे, वजाबाकी मध्ये, आणि शून्य नसेल तर सेल लाल. मागच्या महिन्यात तिथे ०.०१ आलं. पॉइंट झिरो वन साठी कोण अडणार, साडेसात वाजलेले, पाठवून द्यावी असं वाटलं. पण बसलो. टक्केवारीचा कॉलम दोन दशांशांचा दिसत होता पण आत लांबलचक शेपूट होतं, मी फक्त फॉरमॅट केलेलं, राऊंड केलं नव्हतं, तर प्रत्येक ओळ बरोबर दिसायची आणि बेरीज हलायची. राऊंड लावला, सेल पांढरा झाला, फाईल पाठवली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा रिप्लाय आला, फक्त "ओके".